अर्ध्या सेकंदाचा उशीर

२९ मार्च २०२४. गुड फ्रायडेची सुट्टी होती. रात्री दहाच्या सुमारास जेवणं उरकून मी ओटा आवरत होते आणि फोन थांबायचं नाव घेत नव्हता. पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे कामाचा विषय काढायचा नाही, असा आमचा अलिखित नियम. त्या रात्री मात्र एकच प्रश्न फिरत होता, "तुझ्याकडे एक्सझेडचं व्हर्जन कुठलं आहे?" हात पुसून लॅपटॉप उघडला आणि आमच्या एकेका मशीनवर जाऊन पाहिलं. सगळीकडे जुनं व्हर्जन निघालं. मग जरा जिवात जीव आला आणि बातमी नीट वाचायला बसले. वाचून झाली तेव्हा दीड वाजून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन. तो शाळेत गणित शिकवतो, कॉम्प्युटरशी त्याचा संबंध प्रश्नपत्रिका टाईप करण्यापुरता. "ताई, कुणीतरी अख्खं इंटरनेट हॅक करायला निघालं होतं आणि एका माणसाने ते पकडलं म्हणे. खरंय का? का उगाच कुणीतरी पुढे ढकललेलं काहीतरी आहे?" बऱ्याच अंशी खरं होतं. फोनवर त्याला अर्धा तास सांगितलं तरी निम्मं राहिलंच. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे, त्याच्यासाठी आणि ज्यांना ती बातमी अर्धवट आठवते त्यांच्यासाठी.

आधी एक्सझेड म्हणजे काय ते सांगते. घरातलं आरत्यांचं पुस्तक काढा. पहिल्या कडव्यानंतर ध्रुवपद पूर्ण छापलेलं असतं, शेवटी ॥धृ॥ अशी खूण. दुसऱ्या कडव्यापासून मात्र नुसतं 'जय देव जय देव ॥२॥' एवढंच. त्या ओळी आधी येऊन गेल्यात, म्हणणाऱ्याला त्या कुठे शोधायच्या ते कळतं, मग पुन्हा छापायच्या कशाला? कागद वाचतो, पण आरती म्हणताना एक अक्षरही गळत नाही. फाईल दाबून लहान करणारे प्रोग्राम हेच करतात. एखादा मजकूर आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता 'इतकं मागे जा, तिथून इतकी अक्षरं उचल' अशी खूण ठेवतात. शिवाय वारंवार येणाऱ्या चिन्हांना कमी जागा आणि क्वचित येणाऱ्यांना जास्त जागा, असाही एक हिशेब असतो. एक्सझेड हे या कामातलं तरबेज, फुकट आणि सर्वांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर.

आपण जे काही ऑनलाईन करतो त्यामागचे बहुतेक सर्व्हर लिनक्स या फुकट, खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. लिनक्समध्ये नवं सॉफ्टवेअर येतं ते दाबून बांधलेल्या गाठोड्याच्या रूपात, म्हणजे पॅकेजच्या. ही गाठोडी बांधायला आणि सोडायला अनेक ठिकाणी एक्सझेड लागतं. त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक लिनक्स मशीनवर असतंच, घरात सुतळीचा गुंडा असतो तसं. तो कुठल्या कारखान्यात वळला हे कुणी विचारत नाही.

हा गुंडा वर्षानुवर्षं एकटा माणूस वळत होता. लासे कोलिन, फिनलंडचा प्रोग्रामर. या कामाचा त्याला पगार नव्हता, पाठीशी कंपनी नव्हती, मदतीला कायमचं कुणी नव्हतं. आवड म्हणून सुरू केलेलं काम हळूहळू सगळ्या जगाच्या उपयोगाचं झालं आणि राहिलं मात्र त्याच्याच एकट्याच्या गळ्यात.

ज्यांनी कधी हाउसिंग सोसायटीचं सेक्रेटरीपद निभावलंय त्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. टाकी भरली तर कुणी आभार मानायला येत नाही. नाही भरली की रात्री अकराला बेल वाजते. वार्षिक सभेत 'पुढच्या वर्षी कोण?' असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली जातात. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावर एक नवा भाडेकरू राहायला येतो. मनमिळाऊ आहे, कामसू आहे. प्लंबरला स्वतःहून फोन करतो, पावत्या लिहून देतो, गच्चीच्या किल्ल्या वेळेवर परत आणतो. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. थकलेला सेक्रेटरी एक दिवस त्याच्या हातात किल्ल्यांचा जुडगा देतो. त्याला वेंधळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या जागी कुणीही असतं तर हेच केलं असतं.

या गोष्टीतला भाडेकरू म्हणजे जिया टॅन. हे नाव खऱ्या माणसाचं होतं की नाही, हेच आजवर सिद्ध झालेलं नाही. गिटहबवर, म्हणजे खुला कोड जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर, हे खातं उघडलं गेलं २०२१ मध्ये. २९ ऑक्टोबर २०२१ ला या नावाने एक्सझेडकडे पहिली दुरुस्ती आली, अगदी किरकोळ आणि निरुपद्रवी. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या कामाच्या.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत जे घडलं, ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागलं. एक्सझेडबद्दलचा पत्रव्यवहार खुला असतो, कुणीही वाचू शकतं. त्यात अचानक दोन-तीन नवी नावं उगवली. एक जिगर कुमार. दुरुस्त्या वर्षानुवर्षं पडून राहतात, अशी त्याची तक्रार. दुसरा डेनिस एन्स. अमुक भागाची देखभाल अजून होते की नाही, असा त्याचा प्रश्न. सूर हळूहळू चढत गेला. ७ जूनला जिगर कुमारने लिहिलं की नवा देखभाल करणारा येईपर्यंत काही पुढे सरकणार नाही, आत्ताच्या माणसाला यात रस उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कोलिनने उत्तर दिलं. आपला रस संपलेला नाही, पण मुख्यतः दीर्घकाळच्या मानसिक आजारपणामुळे लक्ष घालायची आपली ताकद कमी झाली आहे, असं त्याने सरळ सांगितलं. हा विनामोबदला, छंद म्हणून चाललेला प्रकल्प आहे हे ध्यानात ठेवलेलं बरं, हेही लिहिलं. जिया टॅन मदत करतो आहे आणि पुढे त्याची भूमिका मोठी होऊ शकेल, असाही उल्लेख केला.

आजारी माणूस अनोळखी लोकांसमोर आपलं आजारपण बोलून दाखवतो, तेव्हा समोरच्याने गप्प बसावं. तेवढंही झालं नाही. २१ जूनला एन्सचं पत्र आलं. त्याचा आशय असा: तुमच्या आजाराबद्दल वाईट वाटतं, पण माणसाने आपल्या मर्यादा ओळखायला हव्यात, लोकांना आणखी हवं आहे, तुम्ही हे काम दुसऱ्याकडे का सोपवत नाही? आठवड्याभराने कोलिनने कळवलं की जिया टॅन आता जवळजवळ सहकारी देखभालकर्ताच झाला आहे.

दबाव आणणारी ही नावं नंतर त्या पत्रव्यवहारात पुन्हा दिसली नाहीत. सगळी एकाच टोळीची असावीत असं जाणकारांना वाटतं, आणि मलाही. आमच्या गटात एकजण म्हणाला, "जिगर कुमार म्हणजे आपल्याकडचा कुणी दिसतोय." मुखवटा कुठल्या देशाचा आहे यावरून आतला चेहरा ओळखता येत नाही. जिया टॅन या नावावरून 'चीननेच केलं' म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगितलं.

ती पत्रं वाचताना मला माझंच एक पत्र आठवलं. काही वर्षांपूर्वी जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक फुकट साधन मी रोज वापरायचे. त्यात 'र्‍या' नीट येत नव्हता. ते बनवणाऱ्या माणसाला मी लिहिलं होतं, "सहा महिने झाले सांगून, अजून होत नसेल तर तसं कळवा." आता वाटतं, तो त्या दिवसांत कशातून जात होता हे मला कुठे माहीत होतं? जिगर कुमारच्या वाक्यांत आणि माझ्या वाक्यात हेतूचा फरक होता. वाचणाऱ्याला तो कळला असेल असं नाही. हल्लेखोरांनी सगळ्यात आधी जी फट शोधली ती कोडमध्ये नव्हती. एक माणूस थकलेला आहे आणि त्याच्यावर ओरडणं इथे नेहमीचंच मानलं जातं, हे त्यांनी हेरलं होतं. आरडाओरडा करणारे आपणच इतके असतो की त्यात दोन-तीन खोटे आवाज मिसळले तर वेगळे ओळखू येत नाहीत.

२०२३ मध्ये नवी व्हर्जनं जिया टॅनच बाहेर काढू लागला. खुल्या सॉफ्टवेअरवर सतत वेड्यावाकड्या माहितीचा मारा करून दोष शोधणारी गुगलची एक सेवा आहे. तिथे एक्सझेडसाठीच्या संपर्कात त्याने स्वतःचं नाव घातलं. काही महिन्यांनी तिथलीच एक गोष्ट बंद करून घेतली, जी चालू राहती तर पुढचा डाव कदाचित उघडा पडला असता. एक्सझेडबद्दल कुणाला शंका आली तर ती आता त्याच्याच दारात येणार होती.

आता खुद्द चोरीकडे येते. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांना चोरदरवाजे असत. अडचणीच्या वेळी बाहेर पडायला किल्ला बांधणाऱ्यानेच ते ठेवलेले. इथे डागडुजीला आलेल्या गवंड्याने तटबंदीत स्वतःसाठी चोरदरवाजा बसवला आणि वरून असा लिंपला की उन्हात उभं राहून पाहिलं तरी दिसू नये. तो लपवायची जागाही विलक्षण शोधली होती.

फाईल दाबणाऱ्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायची तर त्याला मुद्दाम बिघडलेल्या फाईली खायला घालाव्या लागतात. बिघडलेली फाईल समोर आली तर तो कोसळतो की 'ही खराब आहे' म्हणून परत करतो, हे बघायचं असतं. म्हणून एक्सझेडसोबत अशा चाचणीच्या फाईलींचा एक संचच असतो. उघडून पाहिलं तर आत नुसता कचरा दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा. २३ फेब्रुवारी २०२४ ला जिया टॅनने त्या संचात नव्या फाईली टाकल्या. त्यांतल्या दोन फाईलींच्या कचऱ्यात चोरदरवाजा होता, तुकडे करून, अक्षरांची अदलाबदल करून ठेवलेला.

पण कचऱ्याच्या डब्यात पडलेली किल्ली आपोआप कुलपाला लागत नाही. तिला बाहेर काढणारा हात हवा, आणि तो हात त्याने वेगळ्याच ठिकाणी ठेवला. खुल्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसमोर एका सामायिक जागी असतो, प्रत्येक बदल तिथे नोंदला जातो. काचेमागचं स्वयंपाकघर म्हणा. पण लिनक्सची पॅकेजं बनवणारे लोक बरेचदा तिथून कोड न घेता देखभाल करणाऱ्याने बांधून दिलेलं तयार पार्सल घेतात. त्यात सॉफ्टवेअर बांधणीच्या, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवण्याच्या, काही जास्तीच्या फाईली असतात, त्या नेहमीच असतात, म्हणून कुणाला खटकत नाहीत. जिया टॅनने चोरहात ठेवला तो फक्त पार्सलमध्ये. काचेमागे पाहणाऱ्याला तो दिसणं शक्यच नव्हतं. बांधणी सुरू झाली की तो आधी पाहणी करायचा: लिनक्स आहे का, नेहमीच्या प्रकारचा ६४ बिटचा प्रोसेसर आहे का, डेबियन किंवा रेड हॅट या लिनक्सच्या घराण्यांपैकी एखाद्याचं पॅकेज बनतंय का. यातलं एक जरी जमलं नाही तरी गप्प राहायचा. जमलं, की कचऱ्यातून तुकडे काढून जोडायचा आणि एक्सझेडमध्ये मिसळून टाकायचा. २४ फेब्रुवारीला ५.६.० आणि ९ मार्चला ५.६.१, अशी दोन व्हर्जनं या चोरदरवाजासह बाहेर पडली.

"पण फाईली दाबणाऱ्या प्रोग्राममध्ये घुसून चोराला मिळणार काय?" मावसभावाने नेमका हाच प्रश्न विचारला. प्रश्न बरोबर आहे. चोराला एक्सझेडशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवा होता एसएसएच.

वाड्याच्या मोठ्या दरवाजात एक छोटा दिंडी दरवाजा असतो. मोठा दरवाजा बंद असला तरी घरची माणसं त्यातून ये-जा करतात. एसएसएच म्हणजे सर्व्हरचा दिंडी दरवाजा. माझ्यासारखी माणसं घरी बसून दूरच्या सर्व्हरवर काम करतात ती त्यातूनच. तिथे एक पहारेकरी बसलेला असतो आणि तो प्रत्येकाची किल्ली तपासतो. हा पहारेकरी ओपनबीएसडी या दुसऱ्या एका खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातल्या मंडळींनी लिहिलेला आहे, अतिशय काळजीपूर्वक, आणि त्याला एक्सझेडची गरज नाही. मात्र डेबियन, फेडोरा अशा काही लिनक्सवाल्यांनी त्यात आपल्याकडून एक छोटी सोय जोडली होती. पहाऱ्यावर बसलो की मुकादमाला 'मी हजर आहे' असं कळवायचं. मुकादम म्हणजे सिस्टमडी, मशीनवरच्या सगळ्या सेवा सुरू करणारा. त्याला निरोप द्यायचा तर त्याचं सामान आत घ्यावं लागे, आणि त्या सामानात दुसऱ्याच एका कामासाठी लागणारं एक्सझेडही होतं. पाहुण्यासोबत त्याचा पाहुणा आत यावा, तसं एक्सझेड पहारेकऱ्याच्या खोलीत येऊन बसलं.

आत आल्यावर चोरदरवाजा एकच काम करायचा. किल्ली तपासायच्या क्रियेच्या जागी स्वतः उभा राहायचा. तुम्ही-मी लॉगिन केलं तर सगळं नेहमीसारखं. पण येणाऱ्याच्या किल्लीत चोराच्या खासगी चावीने सही केलेला हुकूम दडलेला असला, तर पासवर्ड नाही, चौकशी नाही, तो हुकूम सर्वाधिकारांनिशी तसाच अमलात आणायचा. ती खासगी चावी फक्त चोराकडे. दुसऱ्या कुणाला दरवाजा सापडला असता तरी उघडता आला नसता, आणि बाहेरून ठोकून पाहून तो आहे की नाही हेही कळलं नसतं. दोषाचं गांभीर्य मोजायची एक दहा गुणांची पट्टी असते. याला दहापैकी दहा मिळाले.

सापडला कसा, तर अर्ध्या सेकंदामुळे.

आंद्रेस फ्रॉइंड हा मूळचा जर्मन, सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा, मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा प्रोग्रामर. त्याचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर. सुरक्षा हा त्याचा विषय नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. त्याला पोस्टग्रेसचा वेग बारकाईने मोजायचा होता, आणि त्यासाठी मशीन अगदी शांत हवं होतं. रक्तदाब मोजण्याआधी डॉक्टर आपल्याला पाच मिनिटं बसवून ठेवतात, तसं. पण मशीन शांत होईना. एसएसएचचा पहारेकरी उगाचच जास्त राबत होता. इंटरनेटला जोडलेल्या कुठल्याही सर्व्हरवर खोट्या नावांनी लॉगिन करू पाहणारे यांत्रिक टोळभैरव दिवसरात्र धडका देतच असतात. त्यांना हाकलणं पहारेकऱ्याला सहज जमायला हवं, इथे त्यातच त्याची दमछाक होत होती. फ्रॉइंडने वेळ मोजला. पूर्वी जे काम सुमारे ०.३ सेकंदात व्हायचं त्याला आता ०.८ सेकंद लागत होते.

इथे शंभरातले नव्व्याण्णव जण म्हणाले असते, अपडेटनंतर जरा मंद झालंय, होतं असं. मीही म्हटलं असतं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. चालू इंजिनवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून दुसरं टोक कानाला लावायचे आणि ऐकत राहायचे. बाकीच्यांना नुसती घरघर ऐकू यायची, बाबा सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिनसलंय. फ्रॉइंडबद्दल वाचताना मला सारखे ते आठवत होते. इंजिनाचा रोजचा आवाज ज्याच्या कानात बसलाय त्यालाच वेगळा आवाज येतो.

त्याने खणायला सुरुवात केली. वेळ जातोय तो एक्सझेडच्या लायब्ररीत, म्हणजे दुसरे प्रोग्राम वापरतात त्या त्याच्या कोडमध्ये, पण तिच्या कुठल्या भागात हे मोजणाऱ्या साधनालाही नाव देता येईना. मग त्याला आठवलं की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या आपोआप होणाऱ्या चाचण्यांत, पॅकेजं अपडेट केल्यानंतर, एक चमत्कारिक इशारा दिसला होता. दोन धागे जुळले. आत शिरताना आपल्याला हव्या त्या जागा शोधण्यात चोरदरवाजा जो वेळ खात होता, तोच हा अर्धा सेकंद. त्या चमत्कारिक इशाऱ्याने जिया टॅनही सावध झाला होता, हे पुढे कळलं. ५.६.१ घाईने आलं ते तोच इशारा बंद पाडण्यासाठी. फेडोराच्या लोकांशी तो त्याबद्दल सहकाऱ्यासारखं बोलतही होता.

२८ मार्चला फ्रॉइंडने डेबियनच्या लोकांना खासगीत कळवलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर पत्र लिहिलं. आपल्याला आधी हे डेबियनच्या पॅकेजपुरतं वाटलं, पण बिघाड मूळ पार्सलमध्येच निघाला, असं त्यात साधेपणाने लिहिलेलं आहे.

किती नुकसान झालं? ही दोन व्हर्जनं डेबियनच्या चाचणीच्या शाखांत, फेडोराच्या आगामी व्हर्जनांत, ओपनसुसे टम्बलवीडमध्ये, काली लिनक्समध्ये पोचली होती. बँका, रुग्णालयं, सरकारी खाती वापरतात त्या स्थिर व्हर्जनांत अजून आली नव्हती. म्हणून त्या रात्री आमच्या मशीनांवर मला जुनं व्हर्जन दिसलं. चोर घाईत होता. मार्चच्या अखेरीला 'डेबियनमध्ये नवं व्हर्जन लवकर घ्या' अशी विनंतीही आणखी एका अनोळखी नावाने आली होती. घाईचं एक कारण असंही सांगितलं जातं की मुकादमाच्या सामानातून एक्सझेड बाहेर ठेवायचा बदल सिस्टमडीवाल्यांनी तेव्हा नुकताच हाती घेतला होता. तो सगळीकडे पोचला असता तर चोराची वाट आपोआप बुजली असती. उबुंटू या लिनक्सचं २४.०४ हे व्हर्जन एप्रिलमध्ये यायचं होतं, ते पुढे वर्षानुवर्षं हजारो सर्व्हरवर चालणार होतं. ही बातमी फुटल्यावर त्यांनी बीटा, म्हणजे आधी चाचणीसाठी येणारी आवृत्ती, आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजं नव्याने बांधून घेतली. चोर किती जवळ पोचला होता, ते यावरून समजतं.

आता त्या रात्रीच्या गटातल्या बोलण्याकडे परत येते. एका मित्राचं म्हणणं होतं, "ओपन सोर्स म्हणजे धर्मशाळा. कुणीही यावं, काहीही ठेवून जावं." दुसरा लगेच उसळला, "उघडं होतं म्हणूनच सापडलं ना!" मला दुसऱ्याचं जास्त पटतं. कोड बंद असता तर फ्रॉइंडला 'मंद झालंय' अशी तक्रार नोंदवून गप्प बसावं लागलं असतं. आत शिरून मुळापर्यंत जाता आलं, ते दार उघडं असल्यामुळे. पण 'इतके डोळे बघत असतात, दोष लपत नाही' हे जे आपण अभिमानाने सांगतो, ते या पाच आठवड्यांत खोटं ठरलं हेही मान्य करायला हवं. डोळे काचेमागच्या स्वयंपाकघरावर होते. पार्सल उघडून दोन्ही ताडून पाहायचं काम कुणाकडेच नव्हतं.

गटातली तिसरी प्रतिक्रिया मला सहन झाली नाही. "त्या फिनलंडवाल्याने अनोळखी माणसाच्या हातात किल्ल्या दिल्याच कशा?" त्या दिवसांत गिटहबने जिया टॅनबरोबर कोलिनचंही खातं बंद केलं होतं. पंधराएक वर्षं फुकट राबलेल्या माणसाला, चूक नसताना, आपल्याच कामाचं दार बंद. मी गटात चिडून लिहिलं की आपल्या कंपन्यांपैकी एकीने तरी त्याला कधी एक रुपया पाठवलाय का, आधी ते सांगा. कुणी उत्तर दिलं नाही. आम्हीही पाठवला नव्हता.

ही काही पहिली वेळ नाही. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष सापडला तेव्हा कळलं होतं की वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं छोटं कुलूप ज्या ओपनएसएसएलवर चालतं, त्याला वर्षाला साधारण २,००० डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. तेव्हा हळहळ झाली, मोठ्या कंपन्यांनी निधीही उभारला. जर्मन सरकारच्या पैशातून २०२२ पासून अशा कामांना मदत देणारा सॉव्हरिन टेक फंड चालू झाला. हे चांगलंच आहे. पण पैसा जातो तो नाव झालेल्या प्रकल्पांकडे, आणि सुतळीचा गुंडा कुणाला आठवत नाही. एक्सझेडनंतर पंधरा-वीस दिवसांतच, १५ एप्रिल २०२४ ला, जावास्क्रिप्ट या वेबसाइटसाठीच्या भाषेतल्या प्रकल्पांची काळजी घेणाऱ्या ओपनजेएस फाउंडेशनने सावध केलं की आपल्याकडेही अशीच पत्रं आली होती: ओळखदेख नसलेली माणसं, तातडीची भाषा, आणि शेवटी मागणी एकच, आम्हाला देखभाल करणारे म्हणून नेमा. तिथल्या लोकांनी किल्ल्या दिल्या नाहीत.

दुरुस्त्याही झाल्या. एसएसएच लिहिणाऱ्यांनी त्याच वर्षीच्या ९.८ व्हर्जनमध्ये मुकादमाला 'मी हजर' असं कळवायची सोय स्वतःच थोडक्या ओळींत लिहून टाकली. आता त्यासाठी मुकादमाचं सामान खोलीत आणायची गरज उरली नाही.

आणि लासे कोलिन परत आला. त्याने जिया टॅनचे सगळे बदल एकेक करून तपासायला घेतले. २९ मे २०२४ ला, फ्रॉइंडच्या पत्रानंतर बरोबर दोन महिन्यांनी, एक्सझेडचं ५.६.२ आलं. प्रत्येक व्हर्जनसोबत बदलांची एक यादी असते. तिच्या सुरुवातीलाच एका ओळीत लिहिलं होतं की चोरदरवाजा काढून टाकला आहे. त्याखाली नेहमीसारख्या बारीकसारीक दुरुस्त्या होत्या. मी ती यादी शेवटपर्यंत वाचली, आणि मग आमच्या मशीनांवर नवं व्हर्जन कधी घ्यायचं त्याची तारीख वहीत लिहून ठेवली.